वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचे लाभ व धोके : कोरेगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
स्थूलता हा महानगरांतील सुखवस्तू वर्गाचा विकार होय, ही समजूत आता टिकणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे वा स्थूल आढळले. आहार-व्यायामाने वजन हटत नाही, असा अनुभव आलेल्या व्यक्तीसमोर आज शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवला जातो. कोरेगावच्या रुग्णाला त्यासाठी बहुधा पुणे वा मुंबई गाठावी लागते. प्रस्तुत लेखात या निर्णयाच्या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो दोन घटनांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ मध्ये इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची इजिप्शियन महिला मुंबईत आणली गेली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलविले गेले आणि सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. तिला अनेक जुने विकार होते. एकाच्या यशावरून किंवा दुसरीच्या मृत्यूवरून सर्वसाधारण अनुमान काढणे उचित नव्हे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप व लाभ :
‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पोटात जागा कमी उरते एवढाच याचा अर्थ नाही. भूक आणि रक्तशर्करा यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण बदलते. त्यामुळे वजन फारसे उतरण्यापूर्वीच मधुमेह आटोक्यात येऊ लागतो.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. शस्त्रक्रिया केलेल्यांचे आयुर्मान तशाच स्थूल परंतु शस्त्रक्रिया न केलेल्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक ठरले. सर्वसामान्य लोकांपेक्षा मात्र ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. २ वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त होते, १० वर्षांनी ३६ टक्के. पहिल्या ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे २ होते. त्या अभ्यासातील बहुतेक शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या पद्धतीच्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे. जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे असतात. दहा वर्षांनंतरचे तिसरे छायाचित्र कोणी छापत नाही.

पात्रतेचा प्रश्न :
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय मधुमेहाला का बळी पडतो, याचे याहून सुबोध चित्र क्वचितच सापडेल. म्हणूनच २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने शस्त्रक्रियेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली, म्हणजे ३७.५, आणि सहव्याधी असल्यास ३२.५ अशी ठरविली. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत मात्र ४० व ३५ हेच आकडे आहेत. १६० सेंमी उंचीच्या मधुमेही स्त्रीला ८३ किलो वजनावर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळू शकतो, पण विम्याचे दार ९० किलोच्या आसपास उघडते. मधल्या सात किलोंचा खर्च कुटुंबावर पडतो.

धोके व पश्चात काळजी :
टाक्यांतून गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी हे आरंभीचे धोके होत. पित्ताशयातील खडे आणि स्लीव्हनंतरची जळजळ पुढे उद्भवते. यांची चर्चा रुग्णालयात होतेच. खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व ब-१२ यांची पूर्तता आजन्म करावी लागते. शाकाहारी व्यक्तीत ब-१२ ची उणीव बहुधा आधीपासूनच असते. मधुमेहाच्या गोळ्या वेळीच कमी न केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. गर्भधारणा किमान वर्ष-दीड वर्ष लांबणीवर टाकावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित धोका उलट्यांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनात, तर थोड्याच आठवड्यांत ब-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात अशा रुग्णाला ‘पित्त झाले’ म्हणून सलाईन लावले जाणे अगदी स्वाभाविक. परंतु ब-१ न देता ग्लुकोजचे सलाईन दिल्यास स्थिती अधिक बिघडते. तेव्हा शस्त्रक्रियेचा कागद गावातील डॉक्टरांच्या हाती असणे आणि त्यांचा शल्यचिकित्सकाशी संपर्क असणे ही कोरेगावसारख्या ठिकाणी उपचाराइतकीच महत्त्वाची बाब ठरते.

आहाराची बाजू तुलनेने सोपी आहे. रोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने हवीत. डब्यातील महागड्या पावडरीवरच विसंबण्याची गरज नाही. अंडी, दही, डाळी आणि याच तालुक्याचा भौगोलिक मानांकनप्राप्त वाघ्या घेवडा, मऊ शिजवून व थोडाथोडा, पचू लागल्यावर घेता येतो. अवघड असते ते लग्नाच्या पंगतीत आग्रह मोडणे आणि उन्हात शेतात काम करताना घोटघोट पाणी पीत राहणे, कारण एका दमात तांब्याभर पाणी आता पोटात मावत नाही.

२०२५ पासून टिर्झेपेटाइडसारखी साप्ताहिक इंजेक्शने भारतात उपलब्ध झाल्याने तुलनेला तिसरा पर्याय आला आहे. ती थांबविली की वजन बहुतांशी परत येते. म्हणजे तेथेही खर्च आजन्म. शस्त्रक्रिया थांबविता येत नाही आणि स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत बसविता येत नाही. यामुळे रुग्णाने शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेचा खर्च विचारतानाच पुढील दहा वर्षांच्या रक्ततपासण्यांचा आणि पुण्याच्या खेपांचा खर्चही लेखी मागावा.