जुन्या वॉशिंग मशीनवरील अंशांचे गणित

कुंडलिका नदीच्या काठी रोहा आणि त्याला लागूनच वरसे. या परिसरातील व्यापारी घरांत चालती वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. म्हणूनच १९९०च्या दशकात हौसेने घेतलेले एखादे स्वयंचलित वॉशिंग मशीन आजही मोरीशेजारी उभे असलेले दिसते. त्यावर ३०, ४०, ६०, ९० असे आकडे असतात किंवा ‘हॉट, वॉर्म, कोल्ड’ अशी अक्षरे. या खुणांचा अर्थ नीट समजला, तर वीज आणि कपडे वाचतात. कित्येकदा यंत्रही भंगारात जाण्यापासून वाचते.

पाणी तापवून कपडे धुणे आपल्याकडे नवे नाही. परटाच्या भट्टीत सोड्याच्या पाण्याने भिजवलेले पांढरे कपडे वाफेवर शिजवले जात. युरोपातही सुती कपडे उकळण्याची रीत होती. तेथे १९०७ साली आलेल्या ‘पर्सिल’ पावडरीतील परबोरेट हा घटक गरम पाण्यातच नीट काम करी. शिवाय हिवाळ्यात तेथील नळाचे पाणी अतिशय थंड. त्यामुळे तेथील यंत्रांत हीटर बसवला गेला व ६० आणि ९० अंशांच्या खुणा रूढ झाल्या. अमेरिकेत १९३७ साली ‘बेंडिक्स’चे स्वयंचलित यंत्र आले. तेथे घरोघरी गरम पाण्याची स्वतंत्र नळजोडणी असल्याने यंत्राला दोन नळ्या जोडण्याची पद्धत पडली.

भारतात दोन्ही घडणींची यंत्रे आली. ‘बॉश’च्या साहाय्याने ‘आयएफबी’ने आणलेली, पुढून दार असलेली यंत्रे हीटरची होती. वरून झाकण असलेल्या बहुतेक यंत्रांत हीटर नसे. अशा यंत्रात ‘हॉट’ म्हणजे केवळ गरम पाण्याची झडप उघडणे, ‘कोल्ड’ म्हणजे थंड पाण्याची, आणि ‘वॉर्म’ म्हणजे दोन्ही. गरम पाण्याची नळी जोडलेलीच नसेल, तर ‘हॉट’वर यंत्र पाण्याची वाट पाहत तसेच थांबते. तो बिघाड नव्हे. गीझर जोडला, तरी १५ लिटरच्या टाकीने मोठी टाकी गरम पाण्याने भरणार नाही, हेही ध्यानात घ्यावे.

हीटरच्या जुन्या यंत्रांची खोड वेगळी. पाणी ठरलेल्या अंशापर्यंत तापेपर्यंत त्यांपैकी अनेकांतील टायमर पुढे सरकत नाही. हीटर जळाला वा थर्मोस्टॅट बिघडला, की ६० अंशांवर लावलेले यंत्र तासन्‌तास धूतच राहते. ‘मशीन संपले’ असे समजून अनेकदा ते कवडीमोलाने विकले जाते. तेच यंत्र थंड पाण्यावर लावून पाहावे. तेथे क्रम सुरळीत पूर्ण झाला, तर दोष बहुधा हीटर वा थर्मोस्टॅटचा असतो. मोटार शाबूत असते. दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी. अर्थिंग तपासावे आणि यंत्राला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वापर तत्काळ बंद करावा.

आता हिशोब. धुण्यासाठी १५ लिटर पाणी लागते व नळाचे पाणी २८ अंशांचे आहे, असे धरू. ते ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.२१ युनिट, ६० पर्यंत ०.५६ युनिट आणि ९० पर्यंत १.०८ युनिट वीज लागते. वर्षातून ३०० वेळा धुणे झाले व युनिटचा दर १० रुपये धरला, तर ४० ऐवजी ९० अंशांवर धुण्याचा जादा खर्च सुमारे २,६०० रुपये होतो. कोकणातील नळाचे पाणी मुळातच कोमट असल्याने रोजच्या कपड्यांना ३० अंशांची खूण म्हणजे जवळजवळ न तापवलेले पाणी.

तुपाचे व तेलाचे डाग पडलेल्या सुती कपड्यांना ४० अंश योग्य. दूध व रक्ताचे डाग आधी थंड पाण्यातच काढावेत. उष्णतेने ते पक्के बसतात. आजाऱ्याच्या चादरी, टॉवेल आणि पावसाळ्यात कुबट झालेले सुती कपडे ६० अंशांवर धुणे हिताचे. पूजेची रेशमी वस्त्रे मात्र हातानेच, थंड पाण्यात धुवावीत. ९० अंशांची गरज क्वचितच पडते.

पाणी व अग्नी गरजेपुरतेच वापरावेत, हा संस्कार आपल्या घरांत जुनाच आहे. यंत्राची खूण फिरवतानाही तो पाळता येतो.