कोकोपीटमधील क्षार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा म्हणजे कोकोपीट. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मिरची, टोमॅटो, कलिंगडाच्या रोपवाटिकांमध्ये प्रो-ट्रे त्यानेच भरले जातात. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, म्हणजे 'पोकरा'तून, मराठवाड्यात शेडनेट उभारणीला अनुदान मिळाले. त्यानंतर ढोबळी मिरची आणि काकडी ग्रो बॅगमध्ये घेण्याची पद्धतही शेतकऱ्यांच्या चर्चेत आली. काळ्या जमिनीत मुळांना खोलवर पसरायला जागा असते. ग्रो बॅगमध्ये मात्र झाडाच्या वाट्याला काही लिटर माध्यमच येते. त्यामुळे पाण्यातून आणि खतातून आलेला जो क्षार झाड उचलत नाही आणि निचऱ्यातूनही बाहेर पडत नाही, तो मुळांपाशीच साठतो. क्षारांचे मोजमाप विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसीवरून, करतात. पुढील सर्व आकडे डेसिसायमन प्रति मीटर या एककातले आहेत.

गैरसमज १ : नव्या कोकोपीटमध्ये क्षार नसतात.

वस्तुस्थिती : नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड मुळातच असतात. सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर हे प्रमाण आणखी वाढते. चांगल्या धुतलेल्या, बाजारात 'लो ईसी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची ईसी साधारण ०.५ ते ०.७ च्या आत असते, तर न धुतलेल्या मालाची त्याच्या कित्येक पट. ५ किलोची वीट भिजल्यावर ६५ ते ७५ लिटरपर्यंत फुगते. ती ट्रेमध्ये भरण्याआधी तिचे पाणी पिळून ईसी तपासली, तर रोपांची उगवण बिघडण्याचे एक मोठे कारण आधीच टळते.

गैरसमज २ : साध्या पाण्याने दोन-तीनदा धुतले की काम झाले.

वस्तुस्थिती : साध्या पाण्याने फक्त सुटे क्षार निघून जातात. कोकोपीटच्या कणांना चिकटलेले सोडियम आणि पोटॅशियम तसेच राहते. ते सुटायला त्यांची जागा घेणारे कॅल्शियम लागते. म्हणून माध्यम कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात काही तास भिजवतात, निथळतात आणि मग पुन्हा धुतात. या प्रक्रियेला बफरिंग म्हणतात. ती टाळली तर पहिले काही आठवडे कोकोपीट खतातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःच धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम, पोटॅशियम सोडते. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या फळांचे बूड काळे पडून कुजणे हे कॅल्शियम कमी पोचल्याचे ठरलेले लक्षण आहे.

गैरसमज ३ : पानांच्या कडा करपल्या म्हणजे खत कमी पडले.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा नेमके उलट घडलेले असते. मुळांभोवतीचे पाणी जितके खारट, तितके ते ओढून घेणे झाडाला जड जाते. बॅग ओली असूनही भर दुपारी झाड माना टाकते, पानांची टोके आणि कडा करपतात, वाढ खुंटते. अशा वेळी खताचा डोस वाढवला तर अडचण दुणावते. आधी निचऱ्याच्या पाण्याची ईसी मोजावी आणि मगच खताचा निर्णय घ्यावा.

गैरसमज ४ : पाणी वाचवायचे तर बॅगेतून थेंबही गळू देऊ नये.

वस्तुस्थिती : टंचाईच्या भागात हा विचार साहजिक आहे. मिरजेहून निघालेली पहिली 'जलदूत' रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली होती. ज्या जिल्ह्याने तो उन्हाळा पाहिला, तिथे निचरा म्हणजे नासाडी वाटणारच. पण हिशेब वेगळे सांगतो. ईसी १ असलेल्या दर लिटर पाण्यात साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. म्हणजे अशा बोअरच्या १,००० लिटर पाण्यातून खत न घालताही ६४० ग्रॅम क्षार बॅगांमध्ये येतात. झाड पाणी बाष्परूपाने बाहेर टाकते. सोडियम, क्लोराइड आणि गरजेपेक्षा जास्त झालेली इतर मूलद्रव्ये मात्र मागेच राहतात. त्यामुळे दिलेल्या पाण्याच्या १० ते ३० टक्के पाणी निचऱ्यातून बाहेर पडायला हवे. पाणी चांगले असेल तर कमी, क्षारयुक्त असेल किंवा ऊन कडक असेल तर जास्त. निचऱ्याची ईसी दिलेल्या द्रावणापेक्षा १ पेक्षा अधिक वर गेली, तर निचरा वाढवण्याची वेळ झाली असे समजावे. बाहेर आलेले पाणी टाकून देण्याची गरज नाही. त्यात खत असते. ते गोळा करून, गरज पडल्यास साधे पाणी मिसळून, बाहेरच्या जमिनीतील चारापिकाला किंवा बांधावरच्या झाडांना देता येते.

गैरसमज ५ : दोन पाण्यांमध्ये कोकोपीट चांगले सुकू द्यावे.

वस्तुस्थिती : जमिनीला वाफसा लागतो, म्हणून हा समज रूढ झाला. कोकोपीटमध्ये ओलावा असतानाही हवा खेळती राहते. त्यातले निम्मे पाणी उडाले तर उरलेल्या पाण्यातील क्षारांची तीव्रता जवळपास दुप्पट होते. मार्च ते मे महिन्यांत एकदाच भरपूर पाणी देण्यापेक्षा ठिबकने दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे पाणी देणे योग्य असते.

गैरसमज ६ : ईसी मीटर ठीक दाखवतो, म्हणजे खत संतुलित आहे.

वस्तुस्थिती : मीटर विद्युतभारित क्षारांची एकूण बेरीज सांगतो. त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे सांगत नाही. युरियाचे रेणू विद्युतभारित नसल्याने द्रावणात युरिया कितीही असला तरी ईसी त्या प्रमाणात वाढत नाही. १९:१९:१९ मधील नत्राचा मोठा भाग युरिया रूपातच असतो. पोटॅशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरल्यास क्लोराइडचा भार वाढतो. ग्रो बॅगमध्ये १३:०:४५ किंवा ०:०:५० ही खते सुरक्षित ठरतात. कॅल्शियम नायट्रेट मात्र फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खतांबरोबर एकाच तीव्र द्रावणात मिसळू नये. साका तयार होऊन ड्रिपर बंद पडतात.

गैरसमज ७ : क्षार साठले की बोअरच्या पाण्याचा मारा करावा.

वस्तुस्थिती : बोअरच्या पाण्याचीच ईसी १.२ असेल तर त्याने धुऊन माध्यमाची ईसी त्याखाली जाणार नाही. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकातले पाणी अनेक ठिकाणी जड, बायकार्बोनेटयुक्त असते. त्याने सामू वर चढतो आणि लोह, जस्त झाडाला मिळेनासे होते. कोकोपीटसाठी सामू ५.५ ते ६.५ हवा, म्हणून असे पाणी तपासणी अहवालानुसार आम्ल मिसळून वापरतात. धुण्यासाठी नुसत्या पाण्याऐवजी कॅल्शियम असलेले सौम्य खतद्रावण द्यावे, आणि निचऱ्याची ईसी दिलेल्या द्रावणाच्या जवळ येईपर्यंत द्यावे. बॅगेच्या पृष्ठभागावरील पांढरा थर बहुधा बुरशी नसून सुकलेला क्षार असतो. बुरशीनाशकाने तो जात नाही.

गैरसमज ८ : एका हंगामानंतर कोकोपीट निकामी होते.

वस्तुस्थिती : मुळांना रोग नसेल तर जुनी मुळे काढून, धुऊन आणि पुन्हा बफरिंग करून ते पुढच्या पिकाला चालते. रोपवाटिकेच्या ट्रेसाठी मात्र रोपे कोलमडण्याचा धोका असल्याने नवेच वापरावे.

क्षारांवरचा सर्वांत स्वस्त उपाय पावसाचे पाणी आहे, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. १० गुंठ्यांच्या पॉलिहाउसच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला २० टक्के वाया गेला, तरी साडेपाच लाख लिटर पाणी जमते, म्हणजे पहिल्या 'जलदूत'ने आणले त्याहून थोडे अधिकच. ते शेततळ्यात साठवून बोअरच्या पाण्यात मिसळावे. लागवडीपूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि दिलेल्या व निचऱ्याच्या पाण्याची ईसी, सामू आणि मात्रा रोज वहीत लिहावी. खताचा डोस ठरवताना या नोंदीच आधाराला घ्याव्यात.