शंभर रुपये कशापोटी?

समुद्रकाठच्या किंवा घाटमाथ्यावरच्या कुठल्याही नावाजलेल्या गावात रविवारी सकाळी गाडीने शिरा. देवळाचा कळस किंवा समुद्राची निळी रेघ दिसण्याआधी दिसते ते पावतीपुस्तक. रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, प्लास्टिकच्या खुर्चीवर गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण आणि त्याच्या हातात ते पुस्तक. कुठे पन्नास, कुठे शंभर. मग ठरलेला संवाद. "रस्त्यावर उभी करायचेही पैसे?" "काका, ग्रामपंचायतीचा नियम आहे." मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागतात तेव्हा कुठे पाकीट उघडते. गंमत अशी, की पेट्रोल आणि टोल यांवर मुकाट्याने हजारो रुपये मोजून आलेला, दुपारी सुरमईच्या थाळीचा दर न विचारणारा गृहस्थ या शंभर रुपयांवरून मात्र परतीच्या वाटेवरही धुसफुसत असतो.

त्याची धुसफूस अगदीच अनाठायी आहे असे मला वाटत नाही. माझे आयुष्य बँकेत गेले. तिथे कोणतीही रक्कम जमा किंवा नावे टाकायची तर व्हाउचरवर ती कशापोटी, हे लिहावेच लागे. ते नसले की साहेब व्हाउचर परत फेकत आणि पुढे मी साहेब झालो तेव्हा मीही फेकू लागलो. पार्किंगच्या पावतीवर गावाचे नाव असते, गाडीचा क्रमांक असतो, रक्कम असते. कशापोटी, ते नसते. जागेचे भाडे? राखणीचा मोबदला? कचरा उचलण्याचा खर्च? की आलात म्हणून दंड? सिंहगडावर जाणाऱ्या वाहनांकडून जी रक्कम घेतात तिला 'उपद्रव शुल्क' म्हणतात. शब्द कानाला कडू आहे, पण निदान काहीतरी सांगतो.

आधी जागेचा हिशेब करू. एक मोटार उभी करायला, ती आत-बाहेर काढायची वाट धरून, सुमारे २३ चौरस मीटर जागा लागते असे नगररचनेतले लोक धरतात. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला चार गाड्या. रविवारी एखाद्या गावात चारशे गाड्या आल्या तर शंभर गुंठे, अडीच एकर जमीन हवी. कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत माड-पोफळीच्या वाड्या असतात. तिथे अडीच एकर सपाट, मोकळी जमीन ही चैन आहे. म्हणून मग कुणी काजूची झाडे तोडून पार्किंग करतो, कुणी भाताचे खाचर बुजवतो, आणि उरलेल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात. आठवड्यातले पाच दिवस रिकामी राहणारी ही जागा गावाने पाहुण्यांसाठी राखून ठेवायची असते. तिचे मोल शून्य असावे, हा आग्रह धरता येणार नाही.

कॅलिफोर्नियातले एक प्राध्यापक, डोनाल्ड शूप यांनी फुकट पार्किंगच्या महागाईवर २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पार्किंग फुकट कधीच नसते. गाडीवाल्याने पैसे दिले नाहीत तर ते दुसरा कुणीतरी भरतो. पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला मीटर बसले तेव्हा दुकानदार साशंक होते. पण मीटरचे पैसे त्याच रस्त्यांच्या फरसबंदीवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च होऊ लागले आणि बाजाराचे रूप पालटले. पैसे कुठे जातात हे डोळ्यांना दिसले, की ते देणे जड जात नाही.

ते अमेरिकेतले शहर. आपल्या खेड्यात फुकट किंवा बेहिशेबी पार्किंगची किंमत कोण भरतो, ते मला एका गावाने दाखवले. ऐंशीच्या दशकात माझी पहिली ग्रामीण नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात झाली. त्या गावाचे घड्याळ म्हणजे एसटी. पहाटेची गाडी गेली की चुली पेटत, दुपारच्या गाडीने टपाल आणि वर्तमानपत्र येई, आणि रात्रीची वस्तीची गाडी देवळासमोर मुक्कामाला थांबली की दिवस संपे. चालक-वाहक तिथेच जेवत, तिथेच झोपत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, त्यानंतर अशा वस्तीच्या गाड्यांनी किती गावे तालुक्याला आणि दवाखान्याला जोडली, याची मोजदाद कुणी करू नये. ती प्रत्येक घरात झालेली आहे. पाहुणेही याच गाडीने येत. सुट्टीत मुंबईचे चाकरमानी, अधूनमधून एखादे शाळामास्तरांचे कुटुंब. ट्रंक टपावर, मुले मांडीवर. गावात उतरताना ते गावातल्या माणसांबरोबरच उतरत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी मी तिथे पुन्हा गेलो. गावाचे बरे चालले आहे. न्याहारी-निवास आहेत, कौलांच्या जागी स्लॅब आले आहेत, मुंबईला गेलेली काही मुले परत येऊन धंद्याला लागली आहेत. याचा आनंदच आहे. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. त्या वाटेवर भर उन्हात हातात पिशवी घेऊन चालत येणारी एक म्हातारी दिसली. आमच्या शाखेत पेन्शन घ्यायला यायच्या त्या. मी नाव सांगितल्यावर ओळखले.

"आजी, चालत का?"

"रविवारी गाडी फाट्यावरनंच परत फिरते, सायेब. गावात मुंबयच्या गाड्या. वळायला जागा कुठं हाय तिला? औषधं आणायची होती, मग काय करतलंव?"

देवळासमोर जिथे वस्तीची गाडी वळायची, तिथे दोन्ही बाजूंना मोटारी होत्या. प्रत्येकीच्या काचेवर पावती होती, म्हणजे सारे कायदेशीर. चालकाचा दोष नव्हता. अकरा मीटरची बस तो खिशात घालून वळवणार नव्हता. राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. सवलती चांगल्याच आहेत. पण सवलत तिकिटावर असते, आणि गाडी दारात आलीच नाही तर ती घ्यायची कशावर? आपण वाचवलेल्या किंवा कुरकुरत दिलेल्या शंभर रुपयांची उरलेली किंमत त्या आजी तीन किलोमीटर चालून भरत होत्या.

पर्यटनाच्या गावात पार्किंग आणि सार्वजनिक वाहतूक ही दोन वेगळी खाती नाहीत, असे माझे म्हणणे आहे. एकाची जमा दुसऱ्याच्या खर्चाला गेली पाहिजे. नुसते पार्किंग महाग केले तर पैसेवाला येतच राहील आणि दुचाकीवर बायको-मुलाला घेऊन आलेला कारकून मागे फिरेल. नुसती बस सोडली आणि गाड्यांना रान मोकळे ठेवले तर बस त्यांच्याच गर्दीत अडकेल.

याचे धडे लांब शोधायला नकोत. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. गाव त्यामुळे वाचले, पण ही बंदी लोकांनी पिढ्यानपिढ्या मानली, कारण १९०७ पासून नेरळहून वर जाणारी छोटी गाडी होती. ती २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २०१९ च्या पावसाळ्यात बंद पडली तेव्हा वर राहणाऱ्यांचे काय हाल झाले ते त्यांनाच ठाऊक. नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर वर्षानुवर्षे माणसांनी ओढलेल्या हातरिक्षांवर चालले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गाडी कुठे थांबवायची हे ठरवणे सोपे असते. तिथून पुढे माणसाने कसे जायचे, हा खरा प्रश्न.

सिंहगडावर तोच आडवा आला. मे २०२२ मध्ये खाजगी वाहने पायथ्याशी थांबवून वर विजेवरच्या बस सोडल्या. कल्पना उत्तम होती. पण अपुऱ्या बस, अरुंद घाट आणि सुट्टीची गर्दी यांचे गणित जमेना आणि काही आठवड्यांतच प्रयोग गुंडाळला गेला. त्यावरून बसची कल्पनाच चुकीची ठरवणे म्हणजे एक कर्ज बुडाले म्हणून बँक बंद करण्यासारखे आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, जे पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांची समितीच शुल्क घेते आणि व्यवस्था पाहते. गर्दीच्या दिवसांत गाड्या फुलांपासून दूर लावून माणसांना बसने नेण्याची रीत तिथे पडली आहे. गावातली मुलेच तिथे काम करतात. शुल्क कशापोटी, हे तिथे विचारावे लागत नाही.

आणि सर्वांत साधे उदाहरण मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातले. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. एक तिकीट, समुद्र आणि रस्ता दोन्ही. धक्क्यावर उतरलेला माणूस 'आता पुढे कसे?' म्हणून उभा राहत नाही. मार्च २०२० पासून त्याच मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी रो-रोही सुरू झाली. एकाच धक्क्यावर दोन प्रकारचे पाहुणे उतरतात. एक जण बसमध्ये बसतो. दुसरा येताना आपले २३ चौरस मीटर सोबत घेऊन येतो.

आता माझ्या सवयीप्रमाणे कागदावर थोडी आकडेमोड. आकडे समजुतीचे आहेत. समजा, गावात रविवारी चारशे गाड्या, फाट्यावर शंभर रुपये पार्किंग. जमा चाळीस हजार. राखण आणि सफाई दहा हजार. गावातल्याच चार मिनीबस, चालक-डिझेलसह सहा हजार रोजाने, चोवीस हजार. अर्ध्या तासाची एक फेरी धरली तर साताठ मिनिटांनी एक बस सुटते. पावती दाखवा आणि बसा. गावकरी आणि एसटीने आलेले पाहुणेही तसेच बसतील. शिल्लक सहा हजार. चार रविवारचे चोवीस. त्यातून सोमवार ते शुक्रवार संध्याकाळची एखादी जादा फेरी निघू शकते, जिच्यातून कॉलेजातली मुलगी अंधार पडायच्या आत घरी येईल. वस्तीची एसटीही देवळासमोर पुन्हा वळेल.

अडचणी आहेतच. गर्दी सकाळी नऊ ते बारा एकदम येते, रांग लागेल. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई, तान्हे मूल, अपंग माणूस यांना गाडी दारापर्यंत नेऊ द्यावीच लागेल. ज्यांनी खाचर बुजवून पार्किंग केले त्यांचे उत्पन्न बुडेल, म्हणून त्या मिनीबसवर पहिला हक्क त्यांचा हवा. दुकानदारांना धास्ती वाटेल. पॅसाडिनातही वाटली होती. पावतीपुस्तक ठेकेदाराच्या हाती न देता महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिला पाहिजे, हे तर सर्वांत अवघड. पण त्याला काही कोटींचा निधी लागत नाही.

आपण पाहुण्यांनीही थोडे करावे. पुढच्या सहलीला निवासाची खोली ठरवताना आपण गरम पाणी आहे का, वायफाय आहे का, विचारतो. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत: स्टेशनवरून किंवा फाट्यावरून गावात यायला काय मिळते, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते. दहा पाहुण्यांनी विचारले, तर अकराव्याच्या वेळी मालकाकडे उत्तर तयार असेल. आणि नाक्यावर तो तरुण पावती फाडून देईल तेव्हा भांडू नका. शंभर रुपये द्या, आणि पावतीवर बोट ठेवून एवढेच विचारा, "कशापोटी?"