शेजाऱ्याला न जमलेली व्हिस्की

पीटर मॅकी हा सहजासहजी गप्प बसणारा माणूस नव्हता. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथली लागावूलिन डिस्टिलरी त्याच्या ताब्यात होती. ‘व्हाइट हॉर्स’ हा खपाचा ब्रँडही त्याचाच. दोनेक किलोमीटरवरच्या लफ्रॉइग डिस्टिलरीचा माल विकायची एजन्सीसुद्धा वर्षानुवर्षं त्याच्या कंपनीकडेच होती. १९०७च्या सुमारास लफ्रॉइगवाल्यांनी ती काढून घेतली आणि मॅकी बिथरला. त्याने ओढ्यात दगड टाकून त्यांचं पाणी अडवलं. प्रकरण कोर्टात गेलं, दगड काढावे लागले. मग १९०८ मध्ये त्याने आपल्याच आवारात ‘मॉल्ट मिल’ नावाची दुसरी छोटी भट्टी घातली. हेतू एकच, हुबेहूब लफ्रॉइग काढायची. तांब्याची भांडी तशीच घडवून घेतली, धान्य तसंच धुरवलं, तिकडचा जाणकार माणूसही फोडला असं सांगतात. दारू निघाली, पण लफ्रॉइग निघाली नाही. मॉल्ट मिल १९६२ पर्यंत चालली आणि बंद पडली.

ज्याच्यासाठी मॅकीने एवढा खटाटोप केला, तो वास पहिल्यांदा घेणारा माणूस हमखास नाक मुरडतो. टिंक्चर आयोडीनची बाटली कुणीतरी शेकोटीशेजारी उघडी ठेवावी, तसा तो वास. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा ही व्हिस्की औषध म्हणून आत जात असे. कस्टमच्या अधिकाऱ्याला वास दिला की त्याला शंका उरत नसे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असली तरी बाटली हुंगल्यावर पटते.

हा वास येतो पीटमधून. आयलावर झाडं फार थोडी. पाणथळ माळावर शेवाळ, हेदरची झुडपं, गवत हजारो वर्षं कुजत, दबत राहिलं आणि त्याचे काळे, ओलसर थर झाले. एका वर्षात जेमतेम एक मिलिमीटर. हे थर लांबट फावड्याने विटांसारखे कापायचे, वाऱ्यावर सुकवायचे आणि जाळायचे. इकडे जव पाण्यात भिजवून दगडी जमिनीवर पसरतात. आपण मटकीला मोड आणतो तसे त्यांना मोड येऊ देतात. मोडांची मुळं एकमेकांत गुंतू नयेत, ढिगाला ऊब चढू नये, म्हणून कामगार ते रात्रंदिवस खालीवर करतात. मोड हवे तेवढे आले की धान्य भट्टीच्या जाळीदार मजल्यावर जातं. लफ्रॉइगची रीत अशी, की ओल्या धान्याला आधी पीटचा थंडसर धूर भरपूर द्यायचा आणि नंतर गरम हवेने वाळवायचं. ओली साल धूर चांगला धरते. मग दळण, गरम पाण्यात गोडवा उतरवणं, आंबवणं, आणि तांब्याच्या भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातन. दुसऱ्या खेपेला सुरुवातीची धार बाजूला काढतात. ही धार इथे सुमारे ४५ मिनिटं काढून टाकतात, म्हणजे इतरांपेक्षा बराच जास्त वेळ. फळांसारखे गोड वास याच धारेत असतात. ते गेले की मागे उरतो तो जड, धुरकट, औषधी भाग. मुरवायला बहुतेक अमेरिकी बर्बनची वापरून झालेली ओकची पिंपं असतात.

लफ्रॉइगचं अधिकृत जन्मवर्ष १८१५. अलेक्झांडर आणि डोनाल्ड या जॉन्स्टन भावांनी गुरं पाळायला जमीन घेतली होती. गुरांसाठी पेरलेल्या जवातून दारू जास्त पैसे देते हे लौकरच लक्षात आलं. अलेक्झांडर पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. डोनाल्ड १८४७ मध्ये आपल्याच भट्टीतल्या उकळत्या पिंपात पडून दगावला म्हणतात. मुलगा लहान, म्हणून काही वर्षं कारभार शेजारच्या लागावूलिनच्या माणसाने पाहिला. मॅकीच्या आधीचे शेजारी असेही होते.

या घराण्याचा शेवटचा वारस इयन हंटर. मोठा संशयी गृहस्थ. भट्टीचा फोटो काढू देत नसे. १९२३ मध्ये त्याने भांडी दुप्पट केली. १९३४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कचेरीत बेसी विल्यमसन नावाची ग्लासगोची पदवीधर मुलगी तात्पुरती टायपिस्ट म्हणून आली. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. ती परत गेलीच नाही. १९३८ मध्ये हंटरला पक्षाघात झाला आणि कारभार तिच्या अंगावर आला. महायुद्धात गोदामांत लष्कराने दारूगोळा ठेवला, तेव्हाही आवार तिनेच सांभाळलं. हंटरला मूलबाळ नव्हतं. १९५४ मध्ये तो वारला तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर झाली. विसाव्या शतकात स्कॉच भट्टीची मालकी आणि कारभार दोन्ही एकाच बाईच्या हातात असल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही. यंत्रं जुनी झाली होती, पैसा हवा होता. साठच्या दशकात तिने टप्प्याटप्प्याने कंपनी विकली, पण खुर्ची १९७२ पर्यंत सोडली नाही. मला या सगळ्या इतिहासात तिचाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि जाहिरातीत तोच कमी दिसतो.

जाहिरातीत राजा दिसतो. १९९४ च्या जूनमध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स बेटावर आले. विमान स्वतः चालवत होते, ते धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी लफ्रॉइगला त्यांचा राजमान्यतेचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ लफ्रॉइग’ सुरू झालं: नाव नोंदवा, माळावरची एक चौरस फूट जमीन तुमची, आणि तिथे गेलात की भाड्यापोटी एक पेग.

जमिनीवर मोड आणण्याचं कौतुकही असंच अर्धं घ्यावं. आज लागणाऱ्या मॉल्टपैकी, म्हणजे मोड आणलेल्या जवापैकी, पाचवा हिस्साही इथे हाताने होत नाही. उरलेला बाहेरून येतो, त्यात शेजारच्या पोर्ट एलनच्या यंत्रांचा वाटा मोठा. मालकी २०१४ पासून जपानच्या सनटोरीकडे. तरी चव लफ्रॉइगचीच राहिली आहे. म्हणून मला वाटतं, मॅकी फसला तो पाण्यात किंवा धुरात नव्हे, भट्टीघरात. धार कधी धरायची आणि कधी सोडायची, यातच खरी मेख आहे.

आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून विकली जाते ती बरीचशी उसाच्या मळीतल्या अल्कोहोलची असते. आपल्या साखर कारखान्यांना हे सांगायला नको. स्कॉचला मात्र धान्यच लागतं, आणि स्कॉटलंडातच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं. भारतात स्कॉचवरचं १५० टक्के आयातशुल्क ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात ठरलं आहे.

दुकानात लफ्रॉइगचे प्रकार अनेक दिसतील. २००४ मधली क्वार्टर कास्क छोट्या पिंपांत पुन्हा मुरवलेली, गोडसर आणि ४८ टक्क्यांची. पंचवीस-तीस वर्षांच्या बाटल्यांत धूर मवाळ होतो आणि किंमत भडकते. माझा कौल साध्या दहा वर्षांच्या बाटलीला. चमचाभर पाणी घाला, बर्फ घालू नका. गारव्याने वास दबतो.