लाट आणि मांडणी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, आपल्या जिल्ह्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गेली. म्हणून लाटेचे शास्त्र आम्हांला निव्वळ पुस्तकी वाटत नाही.

एकमेकांना टेकलेल्या पोलादी गोळ्यांची रांग घ्या. दाबाने त्यांचा स्पर्श रुंदावतो, रांग ताठरते. म्हणून ठोका जोराचा, तर लाटही वेगवान. हेच अरेषीय वर्तन. हा गुण पोलादाचा नव्हे, मांडणीचा. मांडणीतून असे गुण मिळविलेल्या पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. मांडणीच्याच बळावर २०१२ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ, जमिनीत रांगेने भोके पाडून, यंत्राने उठविलेली कंपने बरीचशी माघारी फिरविली गेली.

गाव वाचविण्याइतके हे शास्त्र अजून पोचलेले नाही. तोवर भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि काँक्रीटचे आडवे पट्टे, ही मांडणी कष्टकऱ्याच्या प्रत्येक घराला मिळालीच पाहिजे.