एका फोटोत दोन उजेड: फ्लॅशविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैशाखात लग्नसराई ऐन भरात आली की मुरबाड तालुक्यात धसईपासून टोकावड्यापर्यंत एका रात्रीत कितीतरी मांडवांत हळद असते, आणि जवळपास प्रत्येक मांडवात एक फोटोवाला असतो. बहुधा गावातलाच, नाहीतर शेजारच्या गावचा विशी-पंचविशीतला मुलगा. डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे रोकडविरहित गाव म्हणून देशभर गाजलं, तेव्हा फोटो काढणारे कॅमेरे बाहेरून आले होते. आता कॅमेरे इथल्याच मुलांच्या गळ्यात आहेत. मला याचं फार मोल वाटतं. धवलारीण कधी गायला लागणार, कुठली आजी हळद लावताना डोळे पुसणार, कुठल्या मामाला आधी पुढे बोलवायचं, हे घरच्या माणसालाच ठाऊक असतं.

पण अल्बम उघडला की बऱ्याचदा हळहळ वाटते. चेहरे पांढरेफटक, मागे काळाकुट्ट अंधार. मांडवाचा पाला, विजेच्या माळा, मागे उभे असलेले पाहुणे, सगळं त्या काळ्यात बुडालेलं. दोष स्वस्त कॅमेऱ्याचा नसतो. कॅमेरा शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे जसेच्या तसे आलेले काही समज त्यामागे असतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट सुटलेली असते: फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत दोन उजेड असतात. एक तिथे आधीपासून असलेला, म्हणजे बल्बचा, संध्याकाळच्या आभाळाचा. दुसरा आपण टाकलेला. दोघांची बटणं वेगळी आहेत.

“फ्लॅश आहे ना, मग अंधाराची काय चिंता?”

फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. दोन मीटरवरच्या नवरीवर जेवढा उजेड पडतो, त्याचा सोळावा भाग आठ मीटरवरच्या मांडवाच्या टोकाला पोचतो. मागचं काळं दिसतं ते यामुळे.

फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. कॅमेऱ्यावरच उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा हा आकडा साधारण १२ असतो, आयएसओ १०० ला, मीटरमध्ये. त्याला अॅपर्चरच्या आकड्याने भागलं की पोच कळते: एफ/४ ला तीन मीटर. आयएसओ ४०० केला तर सहा मीटर. मोबाइलमधला एलईडी तर त्याहूनही दुबळा. पौषात म्हशाच्या जत्रेत दूरच्या आकाशपाळण्याकडे मोबाइल धरून फ्लॅश मारणारे शेकड्यांनी दिसतात. पाळण्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं.

स्टेजवरच्या ग्रुप फोटोचं दुखणंही हेच. पहिली रांग तीन मीटरवर आणि तिसरी साडेचार मीटरवर असली, तर मागच्या रांगेला पुढच्यांच्या निम्म्याहून कमी उजेड मिळतो. मागे उभे असतात ती बहुधा घरातली तरणी पोरं, आणि तीच काळवंडतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून उंच स्टँडवर चढवा आणि चार पावलं मागे घ्या. तिन्ही रांगांची फ्लॅशपासूनची अंतरं एकमेकांच्या जवळ येतात आणि फरक ओसरतो. फ्लॅश दुरून पेटवणाऱ्या ट्रिगरची जोडी आणि एक स्टँड हा खर्च नव्या लेन्सच्या आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

फ्लॅश वर फिरवून छतावरून उजेड परतवण्याची युक्ती पांढऱ्या छताच्या हॉलमध्ये सुंदर चालते. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरतो, आणि शेणाने सारवलेल्या भिंती किंवा कौलांच्या आढ्याखाली उजेड परत येतच नाही. तिथे कुणाला तरी थर्माकोलची पांढरी शीट धरायला लावणं जास्त भरवशाचं.

“शटर जोरात ठेवलं की फ्लॅश कमी पडतो”

हा समज सगळ्यांत घट्ट बसलेला आहे, आणि तो सुटला की निम्मं काम झालं. फ्लॅशचा झोत अतिशय अल्प वेळ टिकतो. पूर्ण ताकदीला साधारण सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त, कमी ताकदीला दहा हजाराव्या भागाहूनही कमी. शटर १/६० ला उघडं असो की १/२०० ला, फ्लॅश येऊन गेलेला असतो. त्यामुळे शटरने फ्लॅशचा उजेड बदलत नाही, बदलतो तो आधीपासून असलेला उजेड. अॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही उजेडांवर चालतात. फ्लॅशची ताकद आणि त्याचं अंतर फक्त फ्लॅशवर चालतं.

हळदीच्या रात्री हे असं वापरून पाहा. फ्लॅश बंद करा. एफ/४, आयएसओ १६००, शटर १/६० ठेवून रिकाम्या मांडवाचा एक फोटो काढा. माळा दिसतायत, पाहुणे ओळखू येतायत, पण चेहरे जरा दबलेले आहेत, इतपत आलं की पहिला उजेड जमला. कमी वाटला तर शटर १/३० वर आणा. आता फ्लॅश सुरू करून ताकद सोळाव्या भागावर ठेवा आणि चेहऱ्यापुरता उजेड भरा. मांडव मांडवासारखा राहतो, नवरी उजळते, आणि फ्लॅशचा झोत इतका अल्प असल्यामुळे हळद उडवणारे हातही बऱ्यापैकी स्थिर येतात. शिवाय फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि सेल रात्रभर पुरतात.

सूर्य मावळल्यावर वीसएक मिनिटं याच रीतीने उलटं काम करता येतं. गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या सुळक्यांमागे आभाळ अजून निळं असतं. आधी त्या आभाळाचं माप घ्या, १/२०० च्या आसपास, मग जोडप्यावर बाजूने फ्लॅश. शटर हळू केलं की आभाळ उजळतं, जोरात केलं की गडद होतं, चेहरे मात्र तसेच राहतात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

मर्यादा एकच. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, त्यांच्यामधली फट सरकत जाते. फ्लॅश त्या फटीपुरताच पोचतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. फ्लॅश बिघडला म्हणून तो दुरुस्तीला नेऊ नये. फ्लॅश नसतानाही पट्टे येत असतील तर कारण वेगळं: आपल्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० ला ते पट्टे बहुधा जातात.

दोन उजेड जुळवण्याचं सर्वांत देखणं उदाहरण आपल्याकडचंच आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचा मान मुंबईच्या नयन खानोलकर यांच्या फोटोला मिळाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत वारली लोक राहतात, तिथल्या घरांमधल्या अरुंद गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्यात आहे. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले होते की गल्लीत एरवी जसा उजेड असतो तसाच तो वाटावा. चार महिने लागले. त्या फोटोत फ्लॅश आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि गल्ली बिबट्याइतकीच जिवंत दिसते. हळदीचा फोटो काढणाऱ्यानेही डोळ्यांसमोर हेच ठेवायला हवं.

आकड्यांचे दोन छोटे गोंधळ

एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असं नाही. तो भागाकार आहे: लेन्सच्या फोकल लांबीला छिद्राच्या व्यासाने भागून आलेला. म्हणून एफ/८ चं छिद्र एफ/४ पेक्षा लहान. २.८, ४, ५.६, ८ या क्रमात प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो, हेही अर्धंच खरं. फोटोतला दाणा मुख्यतः उजेड कमी मिळाल्यामुळे येतो. आयएसओ १६०० ला नीट उजळ काढलेला फोटो हा ४०० ला काळा काढून नंतर संगणकावर उजळलेल्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ असतो.

“कॅमेऱ्याला सगळं कळतं”

कॅमेऱ्याचा मीटर जगाला मध्यम राखाडी धरून चालतो. माळशेज घाटात धुकं पांढरंशुभ्र असतं आणि फोटोत मळकट येतं, कारण मीटर त्याला राखाडीकडे ओढतो. तिथे एक्स्पोजर एक पायरी वर चढवावं लागतं. फ्लॅशचं स्वयंचलित मापही असंच फसतं. उघड्या अंगणात, काळ्या रात्रीसमोर माणूस उभा केला की कॅमेऱ्याला सगळं काळंच दिसतं, तो फ्लॅश वाढवतो आणि चेहऱ्यावरचा तपशील उडून जातो. तिथे फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन एक पायरी खाली घ्यावं. पांढऱ्या सदऱ्यांचा घोळका समोर असला की उलट होतं, चेहरे काळवंडतात. तिथे वर चढवावं.

पण या यांत्रिक चुकीवर आपण एक माणसांची चूक चढवली आहे, आणि ती मला जास्त सलते. उडालेला चेहरा ‘गोरा आला’ म्हणून पसंत केला जातो, आणि काही फोटोवाले फ्लॅश मुद्दाम वाढवतात, उरलेलं संगणकावर पांढरं करतात. उन्हात राबणाऱ्या ठाकर, कातकरी, कुणबी माणसांचा रंग हा त्यांच्या चेहऱ्याचा भाग आहे. तो पुसला की गालाची ठेवण, कपाळावरची आठी, जुन्या बायकांच्या हनुवटीवरचं गोंदण, सगळंच पुसलं जातं. यात तंत्राचा जुना पक्षपातही आहे. विसाव्या शतकात कोडॅकच्या फिल्मचे रंग जुळवायला प्रयोगशाळांत ‘शर्ली कार्ड’ वापरत, त्यावर बराच काळ गोऱ्या बाईचाच फोटो असे. सावळे, काळे चेहरे त्या मापात नीट बसत नसत. आजचे सेन्सर खूप पुढे गेलेत, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. सावळ्या त्वचेवर समोरून आदळणारा छोटा फ्लॅश तेलकट चकाकी आणतो. मोठी पांढरी छत्री लावून तोच उजेड बाजूने आणला तर त्वचेचा खरा रंग आणि पोत दोन्ही उमटतात. फोटो दाखवताना घरच्यांनी ‘अजून गोरा कर’ म्हटलं, तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवाव्यात.

“दिवसा फ्लॅश कशाला?”

भर दुपारी डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत आणि मुंडावळ्यांखाली काळी सावली पाडतं. तिथे थोडा फ्लॅश रात्रीपेक्षाही उपयोगी. एवढंच.

काजवे आणि फ्लॅश

मेअखेर ते जूनमध्ये सह्याद्रीच्या जंगलांत काजवे दिसतात. त्यांच्यावर फ्लॅश मारला की फोटोत काजवे येतात हा समज पूर्ण चुकीचा आहे: येतात ती पानं. काजव्यांचं लुकलुकणं नर-मादीचा संकेत असतो, आपला उजेड त्यात अडथळा आणतो. ट्रायपॉड, एफ/२.८, आयएसओ १६०० आणि वीस-तीस सेकंदांचं शटर एवढंच लागतं, बॅटरीही बंद ठेवून. छापील फोटोत हजारो ठिपके दिसतात, ते बहुधा अशा अनेक फ्रेम एकावर एक रचलेले असतात. डोळ्यांना तेवढे एका क्षणी दिसत नाहीत, म्हणून तिथे जाऊन हिरमुसू नये.

“बाळाच्या डोळ्यांना फ्लॅशने इजा होते”

बारशाच्या दिवशी हा वाद हमखास होतो. साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने बाळाची दृष्टी जात नाही. बाळ दचकतं, म्हणून अगदी तोंडासमोर धरू नये, खिडकीजवळचा उजेड वापरावा, इतकंच. अंधारात डोळे लाल येतात ते बाहुली मोठी झालेली असते म्हणून: लेन्सच्या शेजारून गेलेला फ्लॅश डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून परततो. फ्लॅश लेन्सपासून दूर नेला किंवा खोलीत दिवा लावला की लाली जाते.

एक गोष्ट मात्र प्रत्येक फोटोवाल्याला माहीत असायला हवी. लहान मुलाच्या फोटोंत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट चमक दिसली, तर ती संगणकावर पुसू नये. कधी ती फक्त कोनामुळे येते, पण मोतीबिंदूची किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असू शकते. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. मूळ फोटो आईवडिलांना दाखवावा आणि बाळाला लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगावं.