मूत्रपिंडाची खरी स्थिती सांगणारी रक्ततपासणी

मूत्रपिंडाचा विकार आरंभी बहुधा वेदना देत नाही. त्यामुळे आम्हांस रक्ततपासणीवरच भिस्त ठेवावी लागते. नेहमी मोजले जाणारे क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. साहजिकच कृश, वृद्ध वा कुपोषित रुग्णांत ते मुळातच कमी असते आणि मूत्रपिंडाची कार्यशक्ती निम्म्यावर आली तरी अहवाल ‘नॉर्मल’ दिसू शकतो. अशा वेळी औषधांची मात्राही चुकण्याचा धोका संभवतो.

‘सिस्टॅटिन सी’ हे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशी निर्माण करतात. स्नायूंवर ते फारसे अवलंबून नसते. २०१२ मध्ये दोन्ही घटक एकत्र धरणारे सूत्र प्रसिद्ध झाले. २०२४ च्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही, सोय असल्यास दोहोंचा एकत्रित विचार सुचविला आहे. मात्र थायरॉइडचे विकार व स्टेरॉइड औषधे यांमुळे सिस्टॅटिनही बदलते. म्हणून तारतम्य हवेच.

ही तपासणी क्रिएटिनिनपेक्षा महाग आहे आणि तिची गरज बहुधा दुर्बलांनाच अधिक असते. दात्यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची विनंती, की दरवर्षी रक्ताबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही अवश्य तपासून घ्यावे.